ठिपक्यांच्या डबीसारखा पिवळा दिवा लागलाय? जॉबकार्डवर सही करण्याआधी हे वाचा

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. डिझेल सात-सीटर घेऊन पाच महिने, साडेतीन हजार किलोमीटर. आईला चढा-उतरायला सोपी, कसारा घाटात सात माणसं आणि सामान घेऊन आरामात चढली, मुलं मागच्या सीटवर खूश. आणि खाली चार ओळींत खरी तक्रार: सिग्नलला उभी असताना मध्येच आरपीएम वाढतो, शहरातलं ॲव्हरेज अकरावरून आठवर येतं, चावी काढल्यावरही पंखा घोंघावत राहतो आणि आठवड्यापासून ठिपके असलेल्या डबीसारखा पिवळा दिवा लागलाय. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, डिझेल खराब भरलं असेल, चालवत राहा. काळजी करू का, असं तुम्ही विचारलंय.

करा. गाडी विकायचा विचार मात्र एवढ्यात करू नका. ही प्रत्येक ओळ माझ्या गाडीत घडली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी करतो, राहायला इंदिरानगरला, म्हणजे जायला पाच किलोमीटर आणि यायला पाच. २०२१च्या डिसेंबरमध्ये गाडी घेतली, आज ७८ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कृपया विचारूही नका. तुमच्या गाडीचं मॅन्युअल माझ्या म्हणण्यापेक्षा मोठं.

तो पिवळा दिवा डीपीएफचा, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टरचा. त्याची सविस्तर माहिती मॅन्युअलमध्ये आहे, त्यात शिरत नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत ही काजळीची गाळणी आली, एवढं पुरे. गाळणीत साठलेली काजळी जाळावी लागते. हायवेवर एक्झॉस्ट तापलेला असतो, तेव्हा ती आपोआप जळत राहते. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही, मग गाडी स्वतःच सफाई सुरू करते: इंजिनात थोडं जास्तीचं डिझेल उशिरा फवारते, ते पुढे जाऊन जळतं आणि गाळणीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. याला दहा-वीस मिनिटं लागतात. तुमचा वाढलेला आरपीएम, पडलेलं ॲव्हरेज आणि घोंघावणारा पंखा म्हणजे ही सफाई चालू आहे. आणि तुम्ही नेमकं तेव्हाच सोसायटीच्या गेटमध्ये शिरून गाडी बंद करता. मीही चार महिने तेच करत होतो.

अर्धवट राहिलेली सफाई गाडी पुढच्या फेरीत पुन्हा सुरू करते. पुन्हा जास्तीचं डिझेल, पुन्हा पाचव्या किलोमीटरला चावी बंद. ते उशिरा फवारलेलं डिझेल सगळंच पुढे जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं आणि रिंगांमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. शोरूममध्ये हे कुणीही सांगत नाही आणि माझ्या सगळ्या नुकसानीचं मूळ इथंच होतं.

मला ते कळलं सायखेड्याच्या मामांकडे. द्राक्षाची बाग आहे त्यांची, तीस वर्षं ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करतात. मी नवी गाडी दाखवायला नेली होती. त्यांनी कौतुकानं एक चक्कर मारली, बॉनेट उघडायला लावलं, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत बुडवून काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मला वाटलं, जास्त आहे म्हणजे चांगलंच आहे. मामांनी थेंब अंगठ्यावर घेऊन चोळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "अरे, ऑइल वाढतंय म्हणजे तुझ्या मनाला काहीच वाटत नाही का? इंजिनानं आजवर कधी ऑइल तयार केलंय? हे डिझेल आहे. पाण्यासारखं पातळ झालंय बघ." मलाही वास आला. पंपावर येतो तोच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता सर्व्हिस सेंटरला हजर. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथं झाली आणि त्या चुकीचा गाडीशी काही संबंध नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला मी दिवा, पंखा, वाढलेलं ऑइल, सगळं नीट सांगितलं. तो मान डोलावत टॅबवर टाइप करत होता. मग टॅब पुढे केला, "सर, इथं सही." मी बोटानं सही केली आणि रिक्षानं ऑफिसला गेलो. तक्रार आणि कामाची नोंद असते त्या जॉबकार्डवर काय लिहिलंय ते वाचलं नाही. लिहिलं होतं: 'जनरल चेकअप, वॉशिंग'. बाकी काही नाही.

संध्याकाळी गाडी चकचकीत धुऊन मिळाली, दिवा गेलेला. स्कॅनर लावून त्यांनी उभ्या गाडीवर सफाई करून दिली होती. ऑइल मात्र तेच ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "सर, अजून दहा हजार झाले नाहीत, आत्ता बदललं तर तुम्हालाच चार्ज लागेल." पाच-सहा हजार वाचल्याचं मला बरं वाटलं. डिझेल मिसळलेल्या त्या पातळ ऑइलवरच मी आणखी दोन महिने टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा आणि ऑइलच्याच जोरावर टिकणारा पंखा, फिरवला. पुढच्या दोन भेटीही अशाच झाल्या. दिवा लागायचा, ते सफाई करायचे, कार्डावर 'जनरल चेकअप'. तिसऱ्या भेटीनंतर दहा दिवसांनी घोटीजवळ टर्बोमधून शिट्टीसारखा आवाज आला आणि मागे निळा धूर. गाडी टो करून आणली.

अंदाजपत्रक आलं एक लाख सदतीस हजारांचं, टर्बो आणि डीपीएफ धरून. वॉरंटीत गाडी, तरी नाही म्हणाले. कारण काय, तर 'डीपीएफची तक्रार ग्राहकानं कधी नोंदवलेली नाही, आणि कमी अंतराच्या वापरामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.' तीनही जॉबकार्डं माझ्यापुढे ठेवली, तिन्हींवर माझी सही. ज्या माणसाला मी तीनदा तोंडानं सांगितलं होतं, तो तोवर दुसऱ्या शाखेत गेला होता. त्या काउंटरपुढच्या सोफ्यावर मी किती दुपारी बसलो याचा हिशेब नाही. मॅनेजर मीटिंगमध्ये, मॅनेजर जेवायला, मॅनेजर उद्या. घरची एकुलती एक गाडी आणि वडिलांना डायलिसिसला आठवड्यातून दोनदा न्यायचं, तेव्हा हे सगळं चाललं होतं. आजही त्या इमारतीवरून जाताना मान तिकडे वळत नाही.

शेवटी कंपनीच्या प्रादेशिक कार्यालयाला ईमेल केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली आणि पत्नीशी व्हॉट्सॲपवर झालेलं बोलणं जोडलं, कारण प्रत्येक भेटीच्या दिवशी मी तिला 'तोच दिवा परत लागला' असं लिहिलं होतं आणि त्यावर तारखा होत्या. पार्ट्सच्या रकमेतला निम्मा वाटा कंपनीनं उचलला. तरी मजुरी आणि ऑइल धरून माझ्या खिशातून जवळजवळ पंचाहत्तर हजार गेले. ज्यांना इथंही दाद मिळत नाही, त्यांना जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार करता येते. मी तिथवर गेलो नाही, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.

तर माझं कळकळीचं सांगणं असं, की उद्या सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉबकार्ड शब्दन् शब्द वाचा. 'डीपीएफचा दिवा लागतो, ऑइलची पातळी वाढली आहे' हे दोन मुद्दे त्यात तुमच्या भाषेत आल्याशिवाय बोट टेकवू नका. अ‍ॅडव्हायझर म्हणेल, सर, सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही. असतो, रिमार्कची जागा असते. तिथंच उभं राहून फोटो काढा. दिव्याचा, ओडोमीटरचा आणि डिपस्टिकचाही. 'खराब डिझेल' म्हणाले तर ते लेखी मागा, टाकीतल्या नमुन्याच्या तपासणीच्या अहवालासकट. मी मागितल्यावर भेसळीचा विषय परत निघाला नाही. मी कायम एकाच पंपावर भरतो आणि पावत्या ठेवतो, त्याचाही उपयोग झाला. पंपावर घनता तपासून मागायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका.

आता चालवण्याबद्दल. लक्षणं दिसली की गाडी बंद करू नका, एवढं एक घरातल्या सगळ्यांना शिकवा. आमच्याकडे पत्नीही चालवते आणि निम्म्या अर्धवट सफाया तिच्या शाळेच्या फेऱ्यांत होत होत्या. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मी तरी कुठं सांगितलं होतं. शिवाय दर रविवारी मी सकाळी साडेसहाला निघतो, द्वारकेच्या उड्डाणपुलावरून आडगाव, ओझर करत पिंपळगाव बसवंतच्या अलीकडून वळून परत. येऊन-जाऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर. टोमॅटोच्या गाड्यांची गर्दी व्हायच्या आत रस्ता मोकळा असतो. साठ-सत्तरचा वेग, एक गिअर खाली ठेवून इंजिन दोन हजार आरपीएमच्या थोडं वर. ऐंशी-शंभरनं पळवायची गरज नाही, गाळणी तापण्याशी मतलब. टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नका, बऱ्याच गाड्या कमी डिझेलवर सफाई सुरूच करत नाहीत. उभी करताना खाली वाळकं गवत, पाचोळा नको, सायलेन्सर तेव्हा प्रचंड तापलेला असतो.

दिवा पिवळा आहे तोवर अशी फेरी मारून बहुतेकदा विझतो. तुमचं ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल तर मात्र फेरी मारू नका, आधी ऑइल आणि फिल्टर बदला, किलोमीटर कितीही झालेले असोत. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचंच हवं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या घटकांची राख जळत नाही, ती गाळणीत कायमची बसते. कोपऱ्यावरच्या दुकानातलं 'डिझेलला चालतं' म्हणून दिलेलं ऑइल घालू नका.

इथं दुसऱ्या एका सदस्यानं तुम्हाला डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून घ्या, पंधरा हजारांत काम होतं, असं सुचवलंय. माझा याला स्पष्ट विरोध आहे. ते बेकायदेशीर आहे, वॉरंटी उरलीसुरली जाते, आणि ती काजळी आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जाते. माझ्या मुलीला दमा आहे, त्यामुळे या बाबतीत मी वाद घालणार नाही.

तुमच्या गाडीत डीईएफची, म्हणजे धूर साफ करायच्या द्रावणाची वेगळी टाकी असेल, निळ्या झाकणाची, तर ती स्वतंत्र भानगड आहे. त्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण लागतं, ते चुकूनही डिझेलच्या टाकीत पडू देऊ नका. पंपावर पोरगा भरत असेल तर स्वतः खाली उतरून उभे राहा. कॅन उन्हात, गच्चीवर ठेवू नका. आणि संपेपर्यंत वाट बघू नका, टाकी रिकामी झाल्यावर बऱ्याच गाड्या पुन्हा स्टार्टच होत नाहीत.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक मत, पटलं तर घ्या. रोजचं जाणं-येणं वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत असेल आणि महिन्यातून दोनदाही हायवे लागत नसेल, तर डिझेल घेऊ नका. महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त बसतो. मला आज ही गाडी मनापासून आवडते. कोकणात उतरताना, गगनबावड्याला चढताना तिच्यासारखा दम पेट्रोलमध्ये मला मिळालेला नाही. आई मागच्या रांगेत झोपून जाते. पण पहिल्या वर्षी मला हे सांगणारं कुणी भेटलं असतं तर मी पेट्रोल घेतली असती.

तुमच्यासाठी आत्ता एवढंच: उद्या सकाळी गाडी गार असताना, सपाट जागी, डिपस्टिक काढा, पुसून परत बुडवा, दोन्ही खुणा दिसतील असा फोटो इथं टाका. आणि आधीच्या भेटीचं जॉबकार्ड मेलमध्ये आलं असेल, ते उघडून त्यावर काय लिहिलंय ते सांगा. मी रात्री नऊनंतर इथं असतो.