टोकियो स्टेशनची लाल विटांची जुनी इमारत एवढ्या उंच इमारतींच्या गराड्यात टिकली कशी?

थोडक्यात सांगायचं तर, डोक्यावरची रिकामी जागा विकून.

आधी थोडा इतिहास. १९१४पर्यंत टोकियोला मध्यवर्ती स्टेशनच नव्हतं. दक्षिणेकडच्या गाड्या शिम्बाशीला संपत, उत्तरेकडच्या उएनोला. मग वास्तुविशारद तात्सुनो किंगो यांनी राजवाड्यासमोर ३३५ मीटर लांबीचं तीन मजली स्टेशन बांधलं. मधलं दार सम्राटाचं. बाकीच्यांनी दक्षिण टोकाकडून आत शिरायचं आणि उत्तर टोकाकडून बाहेर पडायचं. प्रवाशांच्या पायपिटीचा विचार कुणी केलेला दिसत नाही!

१९२३चा भूकंप इमारतीने पचवला. मे १९४५च्या बाँबहल्ल्यात मात्र घुमट आणि तिसरा मजला जळाला. १९४७पर्यंत दोनच मजले ठेवून वर साधं छप्पर घातलं गेलं. ही तात्पुरती डागडुजी तब्बल साठ वर्षं चालली. १९६४मध्ये शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आली तीही मागच्या, याएसू बाजूला.

१९८०च्या दशकात इथे टॉवर उभारायची चर्चा सुरू झाली आणि इमारत वाचवायला नागरिक पुढे सरसावले. खरी गंमत त्यानंतरची. या भागात एका भूखंडाचा न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्यावर जेवढं बांधकाम करता येतं त्यातला उरलेला हक्क, दुसरीकडे वापरायची मुभा मिळाली. मुंबईत यालाच टीडीआर म्हणतात, मुंबईकरांना तो वेगळा समजावायला नको. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने स्टेशन पुन्हा मूळचं तीन मजलीच करायचं ठरवलं आणि उरलेला हक्क आसपासच्या टॉवरांना विकला. जीर्णोद्धाराचा सुमारे ५० अब्ज येनचा खर्च त्यातून निघाला. ज्या टॉवरांची भीती होती, त्यांच्याच खिशातून!

२००७ ते २०१२ काम चाललं. पायाशी भूकंपाचे हादरे शोषणारे आधार बसवले, गाड्या मात्र सुरूच होत्या. छपरासाठी लागणारी पाटीच्या दगडाची कौलं जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर ठेवली होती, ती २०११च्या त्सुनामीत सापडली. लोकांनी त्यातली हजारो कौलं चिखलातून वेचून, धुऊन दिली.

गेलात तर मारुनोउची, म्हणजे राजवाड्याकडच्या, बाजूच्या घुमटाखाली उभं राहून वर बघा, गरुड आणि चिनी-जपानी राशीचक्रातले प्राणी दिसतील. बारांपैकी आठच आहेत. अख्खी इमारत वरून पाहायची तर शेजारच्या ‘किट्टे’ मॉलच्या सहाव्या मजल्यावरच्या गच्चीवर जा, तिकीट नाही. पण पुढे शिंकान्सेन पकडायची असेल तर ती दुसऱ्या टोकाला आहे, सामानासकट चालायला पंधरा-वीस मिनिटं हाताशी ठेवा.