उबुंटूवर बिल्ड-इसेन्शियल टाकताना ‘अनमेट डिपेंडन्सीज’ येतंय, फॉरमॅट मारू का?

नका मारू भाऊ, काही गरज नाही.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. नागपूरच्या बर्डीवरून जुना लॅपटॉप घेतला, दुकानदाराने त्यात उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टीम टाकून दिली. आता कॉलेजात सी सुरू झालं, जीसीसी (सीचा कंपायलर) पाहिजे, म्हणून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ दिलं (ॲप्ट म्हणजे उबुंटूत पॅकेज टाकणारी कमांड) आणि ‘अनमेट डिपेंडन्सीज’, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजेस जुळत नाहीत, असा एरर आला. एक मित्र म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो ॲप्टिट्यूड (ॲप्टसारखंच दुसरं अवजार) वापर, ते बरोबर जुळवून देतं. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका.)

मी हिंगणा रोडकडच्या एका कॉलेजात लॅबची मशीन सांभाळतो. नवीन बॅच आली की हा एरर घेऊन कोणी ना कोणी येतंच. तुम्ही दिलेल्या मेसेजमध्ये कामाची ओळ एकच आहे: ‘लिबसी६-डेव्ह : डिपेंड्स: लिबसी६ (= २.३५-०उबुंटू३) बट २.३५-०उबुंटू३.८ इज टू बी इन्स्टॉल्ड’. त्याखालची ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ ही ओळ सोडून द्या. तिच्यामुळे लोक उगाच होल्ड केलेलं (एकाच व्हर्जनवर अडवून ठेवलेलं) पॅकेज शोधत बसतात. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ देऊन बघा, बहुतेक काहीच दिसणार नाही. ॲप्टला मेळ बसवता आला नाही, एवढाच तिचा अर्थ.

आता ती कामाची ओळ. बिल्ड-इसेन्शियल हे नुसतं नावाचं पॅकेज आहे. त्याच्या पोटात जीसीसी, जी++, मेक, डीपीकेजी-डेव्ह आणि लिबसी६-डेव्ह येतात. लिबसी६ म्हणजे सी लायब्ररी, जी तुमच्या मशीनवर आधीच आहे, कारण तिच्याशिवाय साधं ‘एलएस’सुद्धा चालणार नाही. लिबसी६-डेव्हमध्ये त्याच लायब्ररीच्या हेडर फाइल आणि लिंकिंगला लागणाऱ्या वस्तू असतात. दोन्ही एकाच सोर्समधून, एकाच वेळी बनतात. म्हणून इथे ‘एवढं किंवा याहून नवीन’ चालत नाही, बरोबरचं चिन्ह असतं. हेडर एका व्हर्जनचं आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्जनची, असं ॲप्ट होऊच देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग तुमच्याकडे लायब्ररी ३.८ची आणि डेव्ह मात्र नुसतं ३चं, असं काहून? ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबसी६’ द्या आणि खालचा तक्ता नीट वाचा. माझा अंदाज खरा असेल तर तीन चांदण्यांसमोर २.३५-०उबुंटू३.८ दिसेल आणि त्याच्याखाली फक्त ‘१०० /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ अशी ओळ. त्याच्याही खाली २.३५-०उबुंटू३, समोर ५०० आणि ‘जॅमी/मेन’चा पत्ता. ती १००वाली ओळ म्हणजे ‘हे व्हर्जन मशीनवर आहे, पण तुम्ही जोडलेल्या कुठल्याच रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन कोठारात) नाही’. सगळं दुखणं इथेच आहे.

उबुंटूची एकच रिपॉझिटरी नसते. ‘जॅमी’ म्हणजे एप्रिल २०२२ला जे रिलीज झालं ते, त्यात नंतर काही बदलत नाही. दुरुस्त्या ‘जॅमी-अपडेट्स’ आणि ‘जॅमी-सिक्युरिटी’मध्ये येतात. दुकानदाराने नंतरच्या आयएसओवरून (इन्स्टॉलच्या फाइलवरून) टाकलं असेल (२२.०४.१, .२ अशा आयएसओत तोवरच्या दुरुस्त्या आधीच भरलेल्या असतात) किंवा एकदा अपडेट मारून घेतलं असेल. त्यानंतर गिऱ्हाइकाचा नेटचा डेटा संपू नये, पॉप-अप येऊ नये म्हणून अपडेट्स बंद करून ठेवले असतील. म्हणजे मशीन नवीन आणि त्याच्याजवळची यादी जुनी. ॲप्टला यादीत एकच लिबसी६-डेव्ह दिसतं, ते २०२२चं, आणि त्याला लायब्ररीही २०२२चीच लागते.

‘/ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट’ उघडा. जॅमी-अपडेट्स आणि जॅमी-सिक्युरिटीच्या ओळींपुढे हॅश (ओळ बंद करणारं # चिन्ह) असेल तर काढा, ओळीच नसतील तर जॅमीची ओळ कॉपी करून नाव बदला. फाइलला हात लावायची भीती वाटत असेल तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये अपडेट्सच्या टॅबमधून ‘ऑल अपडेट्स’ निवडा. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’, आणि पुन्हा तीच इन्स्टॉलची कमांड. लिबसी६सुद्धा अपग्रेड होईल म्हणेल, होऊ द्या. (२४.०४वाल्यांनी ही फाइल शोधू नये. तिथे हे सगळं ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमधल्या ‘उबुंटू.सोर्सेस’मध्ये गेलं आहे.)

ॲप्टिट्यूडवाल्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते आधी सुचवेल की काहीच टाकू नका. ‘एन’ दाबलं की दुसरा उपाय: लिबसी६ खाली, ३.८वरून ३वर आणा. लोक खुश होऊन ‘वाय’ दाबतात. मेळ बसतो, जीसीसीही चालतं, पण तुम्ही जवळपास प्रत्येक प्रोग्रामला लागणारी लायब्ररी सिक्युरिटीच्या दुरुस्त्यांआधीच्या अवस्थेत नेऊन ठेवली. यादी अजून जुनीच, त्यामुळे पुढचं डेव्ह पॅकेज टाकताना हीच कटकट दुसऱ्या नावाने येईल. मला हा उपाय अजिबात पटत नाही.

फॉरमॅटचा सल्ला देणाऱ्यांचं काम होतं ते एवढ्यासाठी की नव्या इन्स्टॉलमध्ये अपडेट्स आपोआप चालू असतात. एका हॅशसाठी अख्खी डिस्क पुसायची म्हणजे जुलाबावर ऑपरेशन.

पुढे कामी येईल म्हणून सांगतो, ओळीचा शेवट बघायची सवय लावा. ‘अमुक इज टू बी इन्स्टॉल्ड’ असेल तर व्हर्जनचा झगडा, वर सांगितलं तसं. ‘नॉट इन्स्टॉलेबल’ असेल तर ते पॅकेज तुमच्या यादीतच नाही. म्हणजे ‘युनिव्हर्स’ (उबुंटूच्या रिपॉझिटरीचा एक भाग) बंद असेल, नाहीतर दुसऱ्या रिलीजची डेब फाइल (सुट्या पॅकेजची फाइल) तुम्ही उतरवली असेल. ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ मात्र फसवं असतं. पॅकेज आहे, पण त्याच्याही खाली काहीतरी अडलंय, आणि ते ॲप्ट बरेचदा सांगत नाही. तेव्हा ज्या पॅकेजबद्दल तक्रार आहे तेच नाव घेऊन इन्स्टॉल करून बघा. मग पुढची कडी दिसते. असं करत तळापर्यंत जायचं. कमांडमध्ये ‘-एस’ टाकलं तर नुसती रंगीत तालीम होते, मशीनवर काही बदलत नाही.

डेब फाइल उतरवलीच तर ‘डीपीकेजी -आय’ने टाकू नका, ते डिपेंडन्सी आणून देत नाही. ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./फाइलचंनाव.डेब’ द्या, समोरचं टिंब आणि तिरकी रेघ विसरू नका. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे अपग्रेड चालू असताना लाईट जाते, जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर नावालाच असते. नंतर ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’ म्हणालं तर घाबरू नका, ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ दिलं की राहिलेलं काम पूर्ण करतं.

एक गोष्ट मात्र खरंच करू नका. उबुंटू २२.०४चं मूळ पायथन ३.१० आहे. व्हिडिओ बघून ‘पायथन३’ हे नाव नव्या पायथनकडे वळवू नका. ॲप्टची काही अवजारं आणि खुद्द टर्मिनलची खिडकी त्या मूळ पायथनवर चालतात. मग टर्मिनलच उघडत नाही, आणि दुरुस्ती कुठून करायची हा नवीन प्रश्न. नवीन पायथन हवं तर बाजूला टाका आणि प्रोजेक्टसाठी व्हेन्व (पायथनचं वेगळं वातावरण) बनवा.

अपडेट्सच्या ओळी आधीच चालू निघाल्या तर माझा अंदाज चुकला. मग ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबसी६ लिबसी६-डेव्ह’चा पूर्ण आउटपुट इथे टाका. फोटो नको, मजकूरच कॉपी करा. आणि ‘सोर्सेस.लिस्ट.डी’ फोल्डरमध्ये कुठला पीपीए (बाहेरच्या कोणाची रिपॉझिटरी) पडलाय का, तेही लिहा.