दीडशे किलोमीटरला ६४ मिलिसेकंद?

म्हणजे तुमचा प्रश्न असा, की पुण्याच्या ऑफिसातून मुंबई ब्रँचला पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) ६४, चेन्नईला मात्र २५, चेन्नई-मुंबई २२, आणि ही अंतरं नकाशावर काढायचीयत, बरोबर ना?

आधी तो नकाशा डोक्यातून काढा. फायबरमधे प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, म्हणजे दर १०० किमीला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. पुणे-मुंबई केबल वाकडीतिकडी २०० किमी धरली तरी २ यायला हवेत, चार-पाच आले तरी चालवून घेऊ, पण ६४ म्हणजे पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गावभर हिंडून येतंय. ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते दाखवणारी कमांड) मारा आणि राउटरची नावं वाचा, त्यात बऱ्याचदा विमानतळाचे कोड असतात, बीओएम (मुंबई) नंतर एसआयएन (सिंगापूर) दिसलं की समजा स्वारी सिंगापूरला गेली. माझ्याकडे डिट्टो हेच झालेलं. मुंबई-सिंगापूर सरळ रेषेत ३९०० किमी, त्यामुळे जाऊन-येऊन ३९ च्या खाली शक्यच नाही, प्रत्यक्षात साठच्या आसपास, म्हणून तुमचं बहुतेक जाताना किंवा येताना, एकाच बाजूने सिंगापूर आहे, दोन्हीकडून असतं तर सव्वाशेच्या घरात गेलं असतं. आणि ट्रेसराउट फक्त जायचा रस्ता दाखवतो, तेव्हा मुंबईकडूनही मारायला सांगा. मधल्या एखाद्या हॉपला (वाटेतल्या राउटरला) ९० दिसले तर घाबरू नका, राउटर पॅकेट पुढे ढकलायचं काम आधी करतो, आपल्याला उत्तर सवडीने देतो.

मोजताना सरासरी नको, किमान घ्या. शंभर पिंग, तेही केबल लावून (वायफायवर मोजलंत तर तुम्ही नेटवर्क नाही, शेजाऱ्याचा राउटर मोजताय).

आता चित्र. ठिपके आणि रेषा सुंदर दिसतात पण खोटं बोलतात. तुमचेच आकडे बघा, २५ आणि २२ मिळून ४७, आणि सरळ बाजू ६४, दोन बाजूंच्या बेरजेपेक्षा तिसरी मोठी! असा त्रिकोण कागदावर काढूनच दाखवा. एमआयटीवाल्यांची २००४ ची विवाल्डी पद्धत आहे, त्यात मशीनच्या जोड्यांमधे स्प्रिंग आहेत असं धरून ठिपके बसवतात, तिथेही असला त्रिकोण नीट बसत नाही, चूक इकडेतिकडे वाटली जाते. त्यापेक्षा ब्रँच गुणिले ब्रँच साधं टेबल करा, एक्सेलमधे रंग भरा, आणि न बसणारे त्रिकोण लाल करा. ते टेबल आणि दोन्ही बाजूंचे ट्रेसराउट प्रोव्हायडरला पाठवा. माझ्याकडे दोन महिने 'मोडेम रीस्टार्ट करा' एवढंच उत्तर यायचं, टेबल गेल्यावर पहिल्यांदा राउटिंगवाल्या माणसाचा फोन आला.