२२ हजारांची पॉवर कॉर्ड घेतली, हम तसाच, दुकानदार म्हणतो पैसे परत नाहीत

सांगलीहून एका वाचकाने लिहिलंय. वय २८, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात, बाकीचे दिवस घरी क्लास घेतात. जुन्या घरात ट्यूब अँप (गिटारचा अँप्लिफायर) लावला की सतत घूं असा हम येतो, तारांना हात लावला की तो कमी-जास्त होतो, आणि गाताना माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात. मुंबईतल्या एका दुकानाला व्हॉट्सअॅपवर हे सगळं कळवलं, तर त्यांनी २२,००० रुपयांची इंपोर्टेड पॉवर कॉर्ड सुचवली. कॉर्ड आली, हम गेला नाही. बाराव्या दिवशी तक्रार केली तर उत्तर आलं, बॉक्स उघडलाय, बिलावर नो रिटर्न छापलंय, आणि तुम्ही धंद्यासाठी घेतलीय त्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही. नंतर वायरमनने ४,५०० रुपयांत घराला नवं अर्थिंग करून दिलं, तेव्हा अँपबरोबर आलेल्या साध्या कॉर्डवर हम जवळजवळ गेला, पण महागडी कॉर्ड लावली की आजही येतो. ती अमेरिकन प्लगची आहे, दुकानाने सोबत अडॅप्टर दिलाय. पैसे परत मिळतील का, आणि एवढ्या रकमेसाठी वकील परवडेल का, हे दोन प्रश्न.

नमस्कार. कायद्याचं नंतर बोलू, आधी एक काम आजच करा, ती कॉर्ड आणि तो अडॅप्टर भिंतीतून काढून बाजूला ठेवा आणि पुन्हा लावू नका. तुम्ही अडॅप्टरचा उल्लेख अगदी ओझरता केलाय पण माझ्या मते सगळी केस तिथेच आहे. बाजारातले बरेचसे स्वस्त अडॅप्टर मागून दोनच पिनचे असतात, पुढे तिसऱ्या पिनसाठी भोक दिलेलं असतं पण ते आत कशालाच जोडलेलं नसतं. म्हणजे वायरमनने केलेलं अर्थिंग बोर्डापर्यंत आलं, जुन्या कॉर्डमधून ते अँपच्या चासीपर्यंत, म्हणजे धातूच्या सांगाड्यापर्यंत, जातं म्हणून हम गेला, आणि नव्या कॉर्डच्या वाटेत तो अडॅप्टर बसलाय म्हणून ते तिथेच तुटतं. वायरमनला सांगा, काहीही प्लगमध्ये न लावता मल्टिमीटरने अडॅप्टरची अर्थ पिन पुढे कंटिन्युइटी दाखवते का, म्हणजे आत सलग जोडलेली आहे का, ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. दाखवत नसेल तर त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच्याकडून तसं लिहून सही घ्या, त्याचा लायसन्स नंबर टाकून.

आणि त्या झिणझिण्या हसण्यावारी नेऊ नका हो. अँपची चासी, गिटारच्या तारा, तुमचा हात हे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, अर्थ नसेल तर ती चासी अधांतरी राहते आणि माईक दुसऱ्या सिस्टिमच्या अर्थला असतो, मग करंटचा रस्ता तुमच्या ओठातून हातापर्यंत बनतो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सीला लेस हार्वी नावाचा गिटारिस्ट स्टेजवरच गेला, अर्थ नसलेल्या माईकला हात लागून. ऑर्केस्ट्रात मांडवातली लाईट कुठून कशी ओढलेली असते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हम घालवायला अर्थ पिन कापून टाकणारे महाभाग पण मी पाहिलेत, ते कधीच करू नका.

आता कॉर्डबद्दल, कारण ग्राहक आयोगापुढे तुम्हाला हे साध्या भाषेत सांगावं लागेल. भिंतीतून येतो तो २३० व्होल्टचा एसी, अँपमध्ये शिरल्यावर तो आधी ट्रान्सफॉर्मरमधून जातो, मग रेक्टिफायर, मग मोठाले कॅपॅसिटर, आणि ट्यूबला आवाज वाढवायला लागणारी वीज त्याचा डीसी झाल्यावरच मिळते. डीपीपासून तुमच्या घरापर्यंत वायर, घरातलं जुनं वायरिंग, आणि शेवटचे दोन मीटर तुमची कॉर्ड. साध्या पाऊण स्क्वेअर एमएमच्या दोन मीटर कॉर्डमध्ये एक अँपियरला साधारण ०.१ व्होल्ट पडतो, आणि संध्याकाळी लोड वाढला की घरातलं व्होल्टेज त्याच्या कितीतरी पट वर-खाली होतं. तेव्हा बावीस हजारांचं तांबं घालून आवाजात काय फरक पडणार? ठीकठाक बसणारा सॉकेट, पुरेशी जाड वायर, आयएसआयची खूण आणि जिवंत अर्थ, एवढं असलं की कॉर्डचं काम झालं, आणि ते काही शे रुपयांत होतं. एक गोष्ट मान्य करायला हवी, शिल्ड (तारेभोवती धातूचं आवरण) असलेल्या कॉर्डचा थोडा उपयोग होऊ शकतो जर तुमची गिटारची केबल पॉवर केबलला चिकटून लांबवर जात असेल. पण तेवढ्यासाठी दोन केबल एकमेकींपासून हातभर लांब ठेवल्या की झालं. आणि तारांना हात लावल्यावर हम बदलतो ही खूण अर्थिंगकडे नाहीतर गिटारच्या शिल्डिंगकडे बोट दाखवते, कॉर्डच्या भारीपणाकडे नाही. जो माणूस अँप विकतो त्याला हे माहीत असायला हवं, त्याने आधी अर्थिंग तपासा असं सांगायला हवं होतं. मला राग येतो तो याचाच, की तुम्ही झिणझिण्या येतात असं लिहून कळवलंत आणि समोरून कॉर्डची लिंक आली.

आता केस. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दुकानदाराची दोन वाक्यं आहेत. एक, 'साउंड एकदम ओपन होतो, बास टाइट होतो'. दुसरं, '५० हर्ट्झ हम शंभर टक्के जाणार, गॅरंटी'. पहिल्या वाक्याच्या मागे लागू नका. आवाज ओपन झाला की नाही हे ऐकणाऱ्याच्या कानावर आहे, असली तारीफ प्रत्येक विक्रेता करतो, आणि तुम्ही त्यावर वाद घातलात की समोरचा वकील दोन तज्ज्ञ आणून बसवेल आणि सगळं प्रकरण चवीच्या गप्पांत अडकेल. दुसरं वाक्य तसं नाही. हम आहे की नाही हे फोनवर रेकॉर्ड करून दाखवता येतं. सगळी तक्रार त्या एका वाक्यावर उभी करा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७), अनुचित व्यापार प्रथा. वस्तूत नसलेला गुण किंवा फायदा आहे असं तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सांगणं यात येतं. याच कलमात असंही आहे की योग्य चाचणी न करता लोकांना वस्तूच्या कामगिरीची गॅरंटी देणं ही पण अनुचित प्रथा, आणि विक्रेता म्हणाला की आमची गॅरंटी चाचणीवर आधारलेली आहे, तर ते सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणून त्यांच्या पेजवर पण हम जाण्याची गॅरंटी लिहिलेली असेल तर त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट आजच घ्या, नोटीस गेल्यावर ती ओळ गायब होईल.

दुकानदार म्हणेल की कॉर्ड खराब कुठेय, करंट तर जातोय. कलम २(१०) मधली दोषाची व्याख्या बघा, कायद्याने ठरवलेल्या दर्जात कमी असणं हा दोष आहेच, पण विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्यापेक्षा कमी असणं हाही दोषच. आणि प्लगवर बघा, अमेरिकन थ्री पिन प्लगवर बहुतेक १५ अँपियर, १२५ व्होल्ट असं कोरलेलं असतं. तुमच्या कॉर्डवर तसं असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या. आपल्याकडे सप्लाय २३० व्होल्टचा, आपल्या प्लगचं मानक आयएस १२९३, ते २५० व्होल्टपर्यंतचं. भारतात वापरायला म्हणून १२५ व्होल्टचा प्लग आणि वर बिनअर्थचा अडॅप्टर देणं, हा मुद्दा आयोगाच्या कुठल्याही सदस्याला एका फोटोत समजतो, त्याला संगीत कळायची गरज नाही. बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनलं, एमआरपी हे छापलंय का तेही बघा, नसेल तर पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांचा भंग आहे आणि वजनमापे खात्याकडे वेगळी तक्रार करता येते.

नो रिटर्न छापल्याने काही होत नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीच २(४७) खाली अनुचित प्रथा आहे, आणि तुम्ही बाराव्या दिवशी कळवलंय. बॉक्स उघडल्याशिवाय कॉर्ड चालते की नाही हे कळणार तरी कसं?

तुम्ही ग्राहकच नाही हा मुद्दा ऐकून घाबरलेला दिसताय, घाबरू नका. कलम २(७) व्यापारी हेतूने घेतलेला माल वगळतं खरं, पण त्याच्याच स्पष्टीकरणात लिहिलंय की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे नीट समजावलंय. स्वतः वाजवणारा, स्वतः शिकवणारा माणूस यात बसतो. तक्रारीत 'मी स्वतः वाजवून उदरनिर्वाह करतो' हे वाक्य स्पष्ट टाका, ते राहिलं तर मात्र अडचण होते. मी हे वाक्य विसरल्यामुळे पहिल्याच तारखेला अडकलेल्या तक्रारी पाहिल्यात.

एक कच्चा दुवा पण सांगतो. दुकानदार म्हणेल की गिऱ्हाईकाने स्वतः ब्रँडचं नाव घेऊन मागणी केली, आम्ही फक्त पाठवली. माल विक्री कायदा १९३०, कलम १६ मध्ये असं आहे की तुम्ही गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबलात तर माल त्या कामाला योग्य असला पाहिजे, पण ब्रँडच्या नावानेच वस्तू मागितली असेल तर हे संरक्षण कमी होतं. तुमच्या चॅटमध्ये आधी तुमची अडचण आहे आणि नंतर त्यांची लिंक, क्रम तुमच्या बाजूने आहे. म्हणून चॅट पूर्ण एक्सपोर्ट करा, सोयीचे चार स्क्रीनशॉट नकोत, आणि फोन बदलू नका. त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते सर्टिफिकेट जोडा, ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत तेवढा कडक नसतो पण समोरच्याला बोलायला जागा कशाला ठेवायची.

पुढचा रस्ता असा. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा, बरेच विक्रेते तिथेच नरमतात. सोबत स्पीड पोस्टाने नोटीस, १५ दिवसांची मुदत, मागणी २२,००० आणि कॉर्ड त्यांच्या खर्चाने परत नेणे. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि तो सांगलीचाच, मुंबईला जायची गरज नाही कारण कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथे दाखल करता येते. मुदत दोन वर्षं, कलम ६९, तुमच्याकडे वेळ आहे पण दवडू नका. मागणीत २२ हजार, त्यावर व्याज, त्रासापोटी आणि खर्चापोटी पटेल असा आकडा. अर्थिंगचे ४,५०० मागू नका, ते घराला तसंही हवंच होतं आणि ते मागितल्याने तुमची खरी बाजू पातळ होते. आयोगाला वाटलं तर तो कॉर्ड लॅबला पाठवू शकतो, तेव्हा तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल. कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मनाशी धरूनच उतरा. पैसे परत मिळण्याची शक्यता मला चांगली वाटते, मोठ्या भरपाईची नाही.

वकिलाचं म्हणाल तर गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी शून्य आहे, तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या भरता येते, आणि स्वतः उभं राहून बोलता येतं. तारखेला जाताना कॉर्ड, अडॅप्टर, बॉक्स आणि अँपबरोबर आलेली जुनी कॉर्ड, चारही वस्तू पिशवीत घालून न्या आणि विचारल्यावर टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.