साडेतीन हजारांत मुलीचं नाव

पत्र : तासगावजवळ माझं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, आतापर्यंत 71 टक्के. पीएचडीला नंबर लागायचा तर दोन पेपर हवेतच, असं सगळे सांगतात. एका एजंटाने ‘यूजीसी केअर लिस्टेड’ इंटरनॅशनल जर्नलमध्ये, आयएसएसएन नंबरसकट, सात दिवसांत छापून देतो म्हणून साडेतीन हजार घेतले. मजकूरही तोच देणार. मुलीला अजून सांगितलेलं नाही. ती म्हणते, माझं काम झालं की ओपन ॲक्सेसमध्येच देईन. म्हणजे फुकट वाटणार! आणि अभ्यास सोडून कॉलेजच्या ग्रंथपालांबरोबर जुने प्रकल्प-अहवाल स्कॅन करत बसते. तिला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर : चार शब्द तुम्हालाच सांगावे लागणार आहेत. राग मानू नका.

71 टक्क्यांची मला काळजी नाही. ‘मुलीला अजून सांगितलेलं नाही’ या वाक्यावर मात्र मी अडकलो. न केलेल्या संशोधनाखाली, न वाचलेल्या मजकुराखाली तिचं नाव छापून येणार आणि तिला ते कळणारही नाही? तो मजकूर बहुधा कुठून तरी उचललेला असेल. उद्या पीएचडीच्या मुलाखतीत कुणी गुगलवर तिचं नाव टाकलं आणि विचारलं, ‘हा पेपर तुझाच ना?’, तर तिच्यापुढे दोनच वाटा : खोटं बोलायचं, नाहीतर चार परक्या माणसांसमोर बापाचं नाव घ्यायचं. तुम्ही हे मायेपोटी केलंत, ते कळतं. पण हुंडा जमवावा तसे तिच्यासाठी पेपर जमवता येत नाहीत.

तुम्ही दुकानदार आहात, म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. चकचकीत लेबल लावलेली बोगस टॉनिकं घेऊन तुमच्याकडेही विक्रेते येत असतील. लेबलावर नंबर असतो, ‘आंतरराष्ट्रीय’ असतं, रिझल्टही सात दिवसांत असतो. ती तुम्ही काउंटरवरूनच परत पाठवत असाल. हे जर्नल म्हणजे तोच डबा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. आणि केअर यादी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) दर्जेदार ठरवलेल्या जर्नलांची यादी, ती तर यूजीसीने बंद केल्याचं 2025 च्या फेब्रुवारीतच जाहीर झालं. त्या यादीच्या आधीची ‘मान्यताप्राप्त’ यादी 2018 मध्ये पुण्याच्या संशोधकांनी तपासली. विद्यापीठांनी त्या यादीत घातलेल्या ज्या जर्नलांची त्यांनी छाननी केली, त्यांतली 88 टक्के दर्जाला उतरली नाहीत, असं त्यांनी ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात लिहिलं. तुमचा एजंट मेलेल्या यादीचं नाव सांगून धंदा करतोय.

आता ‘फुकट वाटणार’ याबद्दल. ओपन ॲक्सेस म्हणजे फुकटात छापलेलं किंवा पैसे टाकून छापून घेतलेलं नव्हे. ते खुलं असतं वाचणाऱ्यासाठी. समीक्षकांची चाळणी तीच, नकारही तेच. खर्च कोण उचलतो, एवढाच फरक. ‘नेचर’ने 2021 पासून हा पर्याय दिला तेव्हा एका लेखाला 9,500 युरो आकार ठेवला होता, म्हणजे नुसते पैसे मागितले म्हणून जर्नल बोगस ठरत नाही. बघायचं ते हे की आधी समीक्षा झाली की आधी पैसे भरायचा क्यूआर कोड आला. उलट ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ पाहा : 1910 साली इंग्लंडात सुरू झालं, जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन भारतात आले तेव्हा ते सोबत घेऊन आले, आज बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी ते चालवते आणि लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाही. तिसरी वाटही आहे. लेख कुठेही छापला तरी स्वीकारलेल्या मसुद्याची प्रत संस्थेच्या खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवायची. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी आपल्या पैशावर झालेल्या संशोधनासाठी 2014 मध्ये तसं धोरणच केलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेचं (आयसीएआर) ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्सेस’ तुम्ही आज रात्री दुकान बंद केल्यावर मोबाइलवर उघडू शकता, एक पैसा न देता. द्राक्षावरच्या केवडा रोगाचा शोध तासगावात वाचता येऊ नये, असं तुम्हाला खरंच वाटतं?

(‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ निराळं. 2025 ते 2027 साठी 6,000 कोटी मोजून सरकारने 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नलं सरकारी संस्थांना उघडून दिली. चांगलं झालं, पण ती वर्गणी आहे. कुलूप तसंच राहिलं, किल्ल्या वाढल्या. तुमच्या हाती ती किल्ली नाही.)

प्रवेशाचं म्हणाल तर नेट किंवा विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा आणि मग मुलाखत, हा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रवेशासाठी पेपरची अट नाही. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीसुद्धा त्यांनी काढली. विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम असेल, तेवढा बघा.

तुम्ही ज्याला वेळ घालवणं म्हणता, त्या स्कॅनिंगकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. अहवाल जमवणं, त्यांना विषयवार नोंदी देणं, शोधता येतील असे मांडणं, हेच काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ‘शोधगंगा’साठी देशभरातल्या प्रबंधांवर करतं. त्याचं शिक्षण मिळतं : बंगळुरूला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1962 मध्ये सुरू केलेलं डीआरटीसी हे प्रशिक्षण केंद्र आहे, मुंबईत एसएनडीटी विद्यापीठ आहे, पुण्यात विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग आहे. विज्ञानाची पदवी असलेली आणि बोगस जर्नल वासावरून ओळखणारी मुलगी तिथे उठून दिसेल. मात्र कॉलेजातल्या ग्रंथपालाच्या कायम नोकरीवर डोळा ठेवून जाऊ नका, ती पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवली जातात. संशोधन संस्था, भांडारं आणि प्रकाशन व्यवसाय इकडे पाहा. आणि तिला वनस्पतिशास्त्रातच पीएचडी करायची असेल तर करू द्या. हे तिला विचारून ठरवा, माझं उत्तर दाखवून नव्हे.

एजंटाला आजच लेखी कळवा : मजकूर पाठवू नये, नाव छापू नये. एकदा छापून आलं की मागे घ्यायलाही ही मंडळी पैसे मागतात. साडेतीन हजार बहुधा बुडाले. पण तो मेल एकट्याने पाठवू नका. मुलीला समोर बसवा, काय केलंत ते सांगा, आणि मेलचा मजकूर तिलाच लिहू द्या.