गोल पाटी आणि पळालेली वेलांटी

प्रश्न : सर नमस्कार, माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, लेझर कटिंग बाहेरून करून आणतो. एका गणेश मंडळाची ३०० एमएम डायाची पाटी आलीय, वर मंडळाचं नाव खाली गावाचं. ऑटोकॅडमधे (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) गोलाईवर लिहायची आर्कटेक्स्ट कमांड मारली तर सर्कल सिलेक्टच होत नाही, कसंबसं जमवलं तर खालचं नाव उलटं आलं, आणि मराठीत टाईप केलं तर वेलांट्या एकीकडे नि अक्षरं एकीकडे. काय चुकतंय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पहिल्या दोन गोष्टी किरकोळ आहेत हो. आर्कटेक्स्टला फक्त आर्क, म्हणजे सर्कलचा तुकडा चालतो, सर्कल नाही, पॉलीलाईन (जोडलेल्या रेषा-आर्कची साखळी) नाही, स्प्लाईन (मुक्त वळणाची रेषा) तर नाहीच. सर्कल ब्रेक किंवा ट्रिम करून वरचा आणि खालचा असे दोन आर्क करा, पॉलीलाईन असेल तर एक्सप्लोड केली की तिच्यातले आर्क सुटे होतात. खालच्या आर्कला त्याच डायलॉगमधे अक्षरांचं डोकं केंद्राकडे करायचं बटण आहे ते दाबा आणि अक्षरं आतल्या बाजूला घ्या, नाव सरळ होईल. (आर्कटेक्स्ट एक्सप्रेस टूल्समधे येतं. ऑटोकॅडच्या जुन्या एलटीत, म्हणजे स्वस्तातल्या आवृत्तीत, ती टूल्स नसतात, तिथे ही कमांड शोधत बसू नका.)

खरं दुखणं मराठीचं. हे टूल एकेक कॅरेक्टर उचलून आर्कवर ठेवतं, ते इंग्रजीला ठीक, पण आपला 'कि' म्हणजे आधी क आणि मग वेलांटी असे दोन कोड, दिसताना मात्र वेलांटी आधी. सुटे ठेवले की ती पळणारच, जोडाक्षराचं तर विचारूच नका. फॉन्ट बदलून फार फरक पडत नाही, मीही त्यात दोन रात्री घालवल्यात.

म्हणून मराठी नाव इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधे करा, फुकट आहे. टेक्स्ट आणि सर्कल दोन्ही सिलेक्ट करून 'पुट ऑन पाथ', इथे पूर्ण सर्कल चालतं. मग 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून (अक्षरांच्या नुसत्या कडा उरतात) डीएक्सएफ, म्हणजे ऑटोकॅडला उघडता येणारी फाईल, सेव्ह करा, युनिट एमएमच ठेवा आणि ऑटोकॅडमधे उघडल्यावर डाया मोजून बघा.

आता शिरोरेषा. समजा अक्षरांचा पाया १२० एमएम रेडियसवर आहे आणि उंची २० एमएम, तर डोकं १४० वर गेलं, म्हणजे वरची लांबी साधारण १७ टक्के जास्त, त्यामुळे अक्षरं फाकतात आणि शिरोरेषा तुटते. खालच्या नावात उलट, डोकी एकमेकांवर चढतात. यासाठी मी शिरोरेषेच्या जागी त्याच केंद्रातून दोन आर्क मारून वेगळी पट्टी काढतो, शब्दापुरती, आणि अक्षरांशी युनियन करतो, म्हणजे सगळं एकाच आकारात जोडतो. नाहीतर नाव आधी सरळ रेषेत लिहून पाथ करायचं आणि पाथ इफेक्टमधला 'बेंड' लावायचा, म्हणजे रेषा सलग वाकते, पण अक्षरं थोडी ताणली जातात. मला पट्टीच बरी वाटते.

आणि अक्षरं आरपार कापणार असाल तर व, ब, म यांची पोटं गळून पडतील, प्रत्येकाला एक-दोन टाके, म्हणजे पोट धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या, ठेवा. किती रुंद ते लेझरवाल्यालाच विचारा, पत्र्याच्या जाडीवर असतं ते.