फॅशनमधे क्रॉस, मेरी, चर्चची नक्षी एवढी का दिसते?

नुसता क्रॉस भारी दिसतो म्हणून नाही हो. यातले बरेच मोठे डिझायनर इटली-स्पेनकडच्या कॅथलिक वातावरणात वाढलेले, चर्चमधलं सोनं, जरीकाम लहानपणापासून डोळ्यासमोर, तेच मग कपड्यात उतरतं. डोल्चे अँड गबाना ह्या इटालियन ब्रँडचं 2013 च्या सीझनचं कलेक्शन गूगल करा, इटलीतल्या सिसिली बेटावरच्या मोनरेआले कॅथेड्रलचे मोझॅक (रंगीत तुकड्यांची चित्रं) सरळ ड्रेसवर, डोक्यावर मुकुट आणि कानात हे एवढाले क्रॉस! 2018 ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने ह्याच विषयावर प्रदर्शन भरवलं तर खुद्द व्हॅटिकनने पोपचे झगे वगैरे 40 च्या आसपास वस्तू दिल्या, आणि मेट गालाला, म्हणजे म्युझियमच्या फॅशन सोहळ्याला, गायिका रिहाना बिशपसारखी टोपी घालून आली, त्यावर बोंबाबोंबही झाली.

गोव्यात असाल तर जुने गोव्याला सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिश्चन आर्टचं म्युझियम बघाच, पाद्रींच्या झग्यांवरचं भरतकाम जवळून पाहिलं की कळतं हे डिझायनर लोक माल कुठून उचलतात. आपला गोव्याचा डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (2020 ला गेला) मात्र वेगळ्या वाटेचा होता, साधं पांढरं सुटसुटीत, नाहीतर गोव्याची पारंपरिक कुणबी साडी.

बाकी रोझरी गळ्यात अडकवून बीचवर फिरणारे टुरिस्ट... ती जपाची माळ आहे राव, आमच्या शेजारच्या आंटी बघून जाम वैतागतात.